वर्षभरात चार दात किडले: ‘हाय रिस्क’ ठरवतात कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका, वय ३६. दिवसातून दोनदा ब्रश करतात, गोडाची फारशी आवड नाही. तरी गेल्या वर्षभरात चार दातांना नवी कीड निघाली. डॉक्टरांनी ‘तुम्ही हाय रिस्कमध्ये आहात’ म्हणत दर तीन महिन्यांनी बोलावलंय. मिस्टरांची द्राक्षबाग आहे. ते सकाळी एकदाच दात घासतात, तेही दंतमंजनाने, जेवल्यावर बचकाभर बेदाणे खातात, आणि त्यांना मात्र ‘वर्षाने या’ असं सांगितलं. हा धोका मोजतात तरी कसा, की पुन्हा पुन्हा बोलावून फी काढण्याचा हा प्रकार आहे, असं त्या विचारतात. ओघात त्यांनी तीन गोष्टी लिहिल्यात: कीड बहुतेक हिरडीलगत आहे, डोकेदुखीसाठी वर्षभरापासून रोज रात्री एक गोळी चालू आहे, आणि वर्गात घसा बसतो म्हणून तोंडात खडीसाखर-लवंग असते. साडेपाच वर्षांच्या मुलीलाही हे लागेल का, ही काळजी वेगळीच.

बाई, तुमच्या डॉक्टरांनी लावलेला अंदाज मला बरोबर वाटतो. पण कारणं न सांगता नुसता ‘हाय रिस्क’चा शिक्का मारून पाठवलं असेल, तर काम अर्धंच झालं. आज किती दात किडलेत हे तर कुणीही मोजेल. येत्या वर्ष-दोन वर्षांत नवी कीड पडण्याची शक्यता किती, आणि ती कशामुळे, हे सांगता आलं तर तो धोक्याचा अंदाज. त्यातलं ‘कशामुळे’ हेच कामाचं, कारण औषध त्याला लागू पडतं.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र मागचीच असते. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलात की आधी जुने हप्ते थकलेत का ते बघतात, तसंच आम्ही आधी गेल्या दोन-तीन वर्षांतली कीड बघतो. ज्याला नुकतीच कीड लागली त्याला पुन्हा लागण्याची शक्यता जास्त, ही गोष्ट जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. वर्षात चार म्हटल्यावर बाकी काही न विचारताही कुठलाही दंतवैद्य तुम्हाला वरच्या गटात टाकेल. यात ‘नुकतीच’ महत्त्वाचं. शाळेत असताना भरलेल्या सहा दाढा आणि त्यानंतर वीस वर्षं काही नाही, अशा माणसाला मी हाय रिस्क म्हणत नाही.

कीड चालू आहे की थांबलेली, हेही बघावं लागतं. दात पुसून, हवेने कोरडा करून उजेडात पाहिला की सुरुवातीची कीड खडूसारख्या पांढऱ्या, निस्तेज डागासारखी दिसते. ओल्या दातावर ती लपते. असे डाग म्हणजे कीड आत्ता चालू आहे. उलट काळा किंवा गडद तपकिरी, पण गुळगुळीत, चकचकीत आणि कडक डाग असला तर तिथली कीड बहुधा कधीच थांबलेली असते. मिस्टरांच्या दाढांवर काळ्या रेघा असतील आणि डॉक्टरांनी त्यांना हात लावला नसेल, तर ते बरोबरच केलं. काळं दिसलं की भरा, हा हिशेब आता राहिलेला नाही. अणकुचीदार हत्याराने डाग टोचून बघणंही आम्ही सोडलंय, कारण पांढऱ्या डागाचा वरचा पापुद्रा त्याने मोडतो आणि सावरू शकणारी जागा कायमची जाते.

आता कीड कुठे आहे ते. दाढेच्या वरच्या खाचांत कीड असेल तर त्यातून फार काही कळत नाही. खाचा खोल असल्या की ती चांगल्या सवयींच्या माणसालाही लागते. दोन दाढांच्या फटीत असेल तर खाण्याच्या सवयींबद्दल शंका येते. पण छत्तिशीत, दोनदा ब्रश करणाऱ्या बाईला हिरडीलगत, दाताच्या सपाट गुळगुळीत भागावर नवी कीड? त्या जागी लाळेचा हात सतत फिरत असतो. तिथे कीड पडते तेव्हा लाळ कमी झालेली असते, नाहीतर साखर तिथे तासन् तास बसलेली असते. तुमच्या बाबतीत दोन्ही असावं असा माझा कयास आहे. आरशात बघा: खडीसाखरेचा खडा तुम्ही ज्या गालात धरता त्याच बाजूला कीड जास्त आहे का?

खडीसाखर आपल्याकडे औषधात मोजतात, थंड म्हणून. दाताच्या दृष्टीने ती साखरच, अगदी आपल्या कारखान्यातून पोत्यात भरून निघते तीच, फक्त स्फटिक मोठा. गुळाचंही तेच. दातावरच्या थरात राहणारे जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. अमेरिकेतल्या स्टीफन नावाच्या संशोधकाने १९४०च्या दशकात हे मोजून दाखवलं: साखरेच्या पाण्याने चूळ भरली की दातावरच्या थराचा पीएच (आम्ल मोजायचा आकडा, जितका खाली तितकं आम्ल जास्त) पाच-दहा मिनिटांत खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास घेतो. साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातला, कॅल्शियम-फॉस्फेटचा भाग विरघळायला लागतो. हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलं असेल तर ते त्याआधीच, सहाच्या थोडं वर असतानाच, विरघळतं. मग लाळ आम्ल मारते, कॅल्शियम परत आणून बसवते आणि झीज भरून निघते. हे तोंडात रोजच चालतं. गडबड होते ती भरून निघायला वेळच मिळाला नाही की.

आता तुमचा शाळेचा दिवस बघा. साडेदहाला पहिला खडा, तो विरघळला की तासाभरात दुसरा, मधल्या सुट्टीत चहा, मग पुन्हा खडा. पाच वाजेपर्यंत तोंड आम्लातून बाहेरच पडत नाही. दिवसाची सगळी खडीसाखर मिळून दोन-तीन चमचे भरेल, म्हणून तुम्ही मनापासून म्हणता की गोड खात नाही. मिस्टर बचकाभर बेदाणे खातात ते जेवणाला लागूनच, एकदाच, लाळ भरपूर सुटलेली असताना. त्यांच्या पोटात साखर जास्त जाते, दातांवर कमी वेळ राहते. स्वीडनमध्ये विपेहोल्म या संस्थेत १९४५ पासून काही वर्षं नेमका हाच प्रश्न तपासला गेला. जेवणासोबत दिलेल्या साखरेने फारसं बिघडलं नाही. जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफीने दात धडाधड किडले. (ती संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची होती आणि प्रयोग तिथल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता केलेला होता. आमच्या शास्त्रातली इतकी मोलाची गोष्ट अशा रीतीने कळली, हे सांगितल्याशिवाय मला तो सांगववत नाही.)

म्हणून ‘गोड खाता का?’ हा प्रश्न मी विचारत नाही. सांगली-मिरजेत या प्रश्नाला एकच उत्तर येतं: ‘नाही हो डॉक्टर.’ मी विचारते, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ओळीने सांगा. मग चहा निघतो. मार्केट यार्डातला हमाल असो, बँकेतला साहेब असो, पाच-सहा कप सहज निघतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि दोन कपांबरोबर बिस्कीट. लोकांना वाटतं चिकटतो तो पेढा. तोंडात बघितलं तर पेढा विरघळून लवकर निघून जातो आणि बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत तासभर दबा धरून बसतो. संध्याकाळी टीव्हीसमोर एकेक बकाणा करत तास-दीड तास चालणाऱ्या भडंगाचंही तसंच, कारण शिजलेला स्टार्चही तोंडात साखरेत मोडतो. मी दिवसातल्या वेळा मोजते. जेवणं सोडून दोनपर्यंत ठीक, चारच्या वर गेल्या की कागदावर लाल खूण.

तुमच्या रात्रीच्या गोळीकडे मात्र मला जास्त लक्ष द्यायचंय. अर्धशिशीसाठी रोज रात्री दिली जाणारी एक नेहमीची गोळी म्हणजे अमिट्रिप्टिलिन, आणि तिने तोंड कोरडं पडतं. तुमची तीच आहे का ते पाकिटावर बघा. मनाच्या आजारांवरची बरीच औषधं, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनीही लाळ कमी होते. झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबते, त्यात ही गोळी. वर्षभर गोळी आणि वर्षभरात चार दात, हा जुळलेला काळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पण गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना सांगा की दात किडतायत; मात्रा किंवा औषध बदलता येतं का ते ठरवणं त्यांचं काम.

लाळ कमी आहे हे ओळखायला माझा पहिला प्रश्न साधा असतो: कोरड्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येतो का? रात्री उशाशी तांब्या ठेवावा लागतो का? मग तोंडात आरसा घालते. तो गालाला चिकटून ओढला जात असेल, जिभेखाली लाळेचं तळं न साचता फेस दिसत असेल, तर संशय पक्का. मोजायचंच असेल तर पाच मिनिटं शांत बसून तोंडात येईल ती लाळ मापाच्या खुणा असलेल्या कपात सोडायची. मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर येते, ०.१ च्या खाली, म्हणजे पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटरही नाही, तर लाळ खरंच कमी. दहा रुपयांच्या कपात होणारी ही तपासणी फार थोडे लोक करतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. लाळ कमी निघाली आणि औषधाचं कारण सापडलं नाही, तर साखरेची तपासणी आणि डोळेही कोरडे पडतात का याची चौकशी करायला फिजिशियनकडे पाठवते.

ब्रशबद्दल तुम्ही ‘दोनदा’ लिहिलंत, कशाने ते नाही. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने दोनदा घासलं तर हिरड्यांना फायदा, किडीपासून संरक्षण नावापुरतं. आपल्याकडे ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्या नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त ठेवता येत नाही, आणि तेवढं असलं तरी पुरेसं काम होतं, फक्त ते तोंडात राहू द्यायला हवं. आपण घासून झालं की खळखळून तीनदा चूळ भरतो आणि सगळं बेसिनमध्ये वाहून जातं. फेस थुंकून टाका आणि चूळ भरू नका, निदान रात्री तरी. घरी आरओचं पाणी पीत असाल तर त्यातून पाण्यातलं फ्लोराइडही बरंचसं निघून जातं, म्हणून पेस्टचं महत्त्व आणखी वाढतं.

हे सगळं बसवून धोका काढायला तक्ते आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा आहे, कॅलिफोर्नियातल्या मंडळींचा काम्ब्रा आहे, स्वीडनच्या माल्मोमधून आलेला कॅरिओग्राम तर रंगीत वर्तुळ काढून ‘नवी कीड टळण्याची शक्यता इतके टक्के’ असं दाखवतो. पेशंटला समजवायला ते वर्तुळ छान, नवीन डॉक्टरांनी एखादा तक्ता भरावाच, कारण त्यामुळे गोळ्यांबद्दल विचारायचं विसरत नाही. पण टक्क्यांवर जीव टाकू नये. कुणाला कीड लागणार नाही हे या पद्धती बऱ्यापैकी सांगतात; कुणाला नक्की लागेल हे सांगताना अडखळतात. लाळेतले जंतू मोजायचे संचही मिळतात. मोठ्या माणसात त्यांच्या आकड्याने माझा निर्णय क्वचितच बदलतो, म्हणून मी तो खर्च सुचवत नाही.

मिस्टरांचा ‘कमी धोका’ आजचा आहे. पन्नाशी-साठीनंतर हिरड्या मागे सरकतात, बीपीच्या गोळ्या सुरू होतात, आणि आयुष्यभर एकही दात न किडलेला माणूस दोन वर्षांत चार मुळं किडवून येतो. त्यात भरड मंजनाने आडवं घासून दाताची मान झिजलेली असेल तर आणखी लवकर. मशेरी लावणाऱ्या बायकांमध्ये हिरड्या सरकलेल्या मी फार पाहते, आणि मशेरीत तंबाखू असल्याने तिथे किडीपेक्षा मोठी काळजी कॅन्सरची असते. मंजन सोडून साधी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश, एवढं मिस्टरांनी केलं की त्यांचं ‘वर्षाने या’ टिकेल.

राहिला फीचा प्रश्न. सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांनी बोलावण्याला फारसा आधार नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय की मोठ्या माणसांत धोका बघून तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर ठेवावं. त्यामुळे तुम्हाला तीन महिने आणि मिस्टरांना वर्ष, हे धोरण म्हणून योग्यच. प्रश्न एवढाच की त्या फेरीत होतं काय. पांढरे डाग कोरडे करून मागच्या फोटोशी ताडून बघितले, फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवर फासायचा लेप, लावलं (त्यात साधारण २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, लावायला पाच मिनिटं पुरतात), खाण्याच्या वेळांचा आणि गोळीचा पाठपुरावा केला, तर ती फेरी पैसे वसूल करणारी. नुसतं ‘आ करा’ म्हणून बघितलं आणि दर वेळी एक नवं फिलिंग निघालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. फटींमधली कीड बघणारे बाइटविंग एक्स-रे तुमच्यासारख्यांना सहा महिने ते दीड वर्षाच्या अंतराने काढतात, दर तीन महिन्यांनी नव्हे.

पुढच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या धोक्याची कारणं कोणती, त्यातली कोणती माझ्या हातात आहेत, आणि किती दिवस नवी कीड नाही निघाली की तुम्ही मला खालच्या गटात टाकाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांकडे तयार नसतं. मी साधारण वर्षभर बघते: नवा डाग नाही, जुने डाग चकचकीत आणि कडक झालेत, तर तीनाचे सहा महिने करते. लाळेचं कारण कायम असेल तर मात्र घाई करत नाही.

तोवर खडीसाखर आजपासून बंद. नुसती लवंग चालेल, कोमट पाण्याचा घोट सगळ्यात उत्तम. ज्येष्ठमधाची कांडीही घशाला बरी, पण रोज भरपूर चघळू नका, रक्तदाब वाढतो. साखर नसलेलं च्युइंग गम शाळेत शोभणार नाही, पण शाळा सुटल्यावर एसटीत चघळलंत तर लाळ सुटते आणि दातांना फायदाच होतो. पेढे, श्रीखंड, पुरणपोळी सोडायचं कारण नाही. जेवणाच्या ताटातच खा. रात्रीची गोळी घेतल्यावर ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. चार दातांपैकी ज्यांत खड्डा पडलाय ते भरून घ्या, पण जिथे नुसता पांढरा डाग आहे तिथे ड्रिल लावायला संमती देऊ नका. तो वार्निशने सावरू शकतो.

मुलीबद्दल. आईची कीड चालू असणं हे मुलाच्या धोक्यातही धरलं जातं, थोडी जंतूंमुळे आणि पुष्कळशी एकाच घरच्या सवयींमुळे. तिचा वरचा ओठ उचलून पुढच्या दातांना हिरडीलगत पांढुरकी रेघ आहे का बघा, आणि मागच्या दुधाच्या दाढाही. दुधाच्या दातांना कीड असेल तर पुढे कायमच्या दातांनाही लागण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडू नका. ती स्वतः ब्रश करत असली तरी रात्री तुम्ही एकदा घासून द्या, वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि वर्षभरात किडते. तुमच्या पुढच्या फेरीला तिलाही न्या. ती दाढ पूर्ण वर आलेली असेल आणि खाचा खोल असतील तर त्या सीलंटने बुजवून घ्या. इंजेक्शन लागत नाही. अर्धीच आली असेल तर तिलाही वार्निश लावून तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.